हुरड्याच्या रंगाची होडी

आमच्या घरात आजवर एकच होडी निवडली गेली, आणि तीही आमची नव्हती.

शिरूर कासारच्या बाहेर रस्त्याला लागून माझा भुईकाटा आहे. कापूस, कांदा, सरकी, भंगार, जे येईल ते मी तोलतो आणि पावती फाडतो. पलीकडे सिंदफणेचं पात्र आहे, पण वर्षातले बरेच महिने त्यात पाण्यापेक्षा बाभळीच जास्त दिसतात. अशा ठिकाणी बसून गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर मी आणि माझी बायको रोज संध्याकाळी एका होडीचा रंग ठरवत होतो.

होडी आमच्या मुलाच्या हाताखालची. तो आमचा एकुलता एक. बीडच्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिक झाला, मग खलाशाचं शिक्षण घेतलं, काही दिवस मालवाहू जहाजावर होता, आणि तिथून एका परदेशी श्रीमंताच्या यॉटवर लागला. गावात सगळे म्हणतात नेव्हीत आहे. मी पहिल्यांदा दोन-चार जणांना समजावून सांगितलं, नंतर सोडून दिलं. यॉट म्हणजे पाण्यावरचा बंगला. तो हव्या त्या किनाऱ्याला लागू शकत नाही, म्हणून त्याच्यावर एक छोटी, हवा भरलेल्या कडांची होडी ठेवतात. माणसं किनाऱ्यावर सोडायची, भाजीपाला आणायचा, संध्याकाळी परत येऊन मोठ्या बोटीला चिकटायचं. मुलाने हे व्हिडिओ कॉलवर दाखवलं तेव्हा त्याची आई म्हणाली, "म्हंजे वासरू हाय ते." तेव्हापासून आमच्याकडे ते वासरूच.

जुनं वासरू फाटलं होतं. ठिगळं लावून एक हंगाम काढला, पुढे निभणार नव्हतं. यॉटच्या मालकीणबाईंनी मुलाला सांगितलं, तूच चालवतोस, तूच निवड, ठरवलं की मला दाखव. आणि कॅप्टनने सांगितलं की नवी होडी आली, जागेवर बसली, क्रेनने उचलून बघितली, की महिनाभर घरी जा. हिवाळ्यात त्यांची यॉट गोदीत बांधलेली असते. उन्हाळ्यात मात्र एक दिवसाची सुट्टी नाही. आदल्या हिवाळ्यात तो एक बोट सोडून दुसऱ्या बोटीवर लागला होता, त्यात सुट्टी गेली. दोन वर्षं पोरगं घरी आलं नव्हतं.

"हुरड्याला येतो, आबा," तो मला म्हणाला होता.

हुरडा त्याचा जीव की प्राण. शेतात आगटी पेटवायची, कणसं भाजायची, आणि गरम कणीस तळहातावर चोळून दाणे पाडायचे. लहानपणी त्याचे हात पोळायचे, तरी तो दुसऱ्याला चोळू द्यायचा नाही. आमची ज्वारी दोन एकर. तिचा दाणा भोगीच्या आसपास हुरड्यात येतो आणि फार तर पंधरा-वीस दिवस तसा राहतो. मग टणक होतो. तेव्हा आमचं सगळं लक्ष त्या पंधरा-वीस दिवसांवर होतं.

तिकडे दुपारची जेवणाची सुट्टी झाली की इकडे पाच वाजायचे. बायको घरून चहाचा थर्मास घेऊन काट्यावर यायची. तिथे रेंज चांगली मिळते. मुलगा फोनवर कंपनीचं पान दाखवायचा. एका बाजूला होडीचं चित्र, दुसऱ्या बाजूला रंगांचे चौकोन. चौकोनावर बोट ठेवलं की होडीचा रंग बदलायचा. बायकोला हे इतकं आवडलं की पहिल्या दिवशी तिने त्याला सगळे रंग दोनदा दाखवायला लावले.

"हा चिंतामणी बरा हाय."

"आई, निळ्या पाण्यात निळी होडी दिसंल का?"

"मग डाळिंबी?"

"उन्हात तापतंय ते. बसता येत न्हाई."

"तुला काय आवडतंय?"

"मला न्हाई, तुला विचारायलोय मी."

पोळ्याला बैलांच्या शिंगांना कोणता रंग लावायचा हे आमच्याकडे घरची बाई सांगते. बैल विकले त्याला बरीच वर्षं झाली, त्यामुळे तिला असं कुणी विचारलंच नव्हतं. ती चष्मा पुसून पुन्हा बघायची.

शाळेत माझ्याबरोबर असलेला एक ट्रॅक्टरवाला एकदा कांद्याची ट्रॉली काट्यावर लावून खिडकीशी आला आणि आमच्या डोक्यावरून वाकून बघू लागला.

"काय बे, होडी घ्यायलास का? सोडणार कुठं, सिंदफणेत?"

"पोराच्या मालकाची हाय."

"मग रंग तू कावून ठरवायलास?"

"मी न्हाई, ही ठरवायली."

"मग झालं! उन्हाळा लागंस्तोवर चालतंय आता हे." बायकोने त्याच्याकडे बघितलं तसा तो म्हणाला, "वैनी, नवा ट्रॅक्टर घेतला तर हुड, बंपर, हुक फुकट येतेत. कंपनीवाल्याला सोडू नका, भांडून घ्या."

फुकट काहीच नव्हतं. पण वर काय काय बसवायचं हेही मुलालाच ठरवायचं होतं, आणि तो भाग माझ्याकडे आला. यॉटवरची क्रेन चारशे किलो उचलते. होडी, इंजिन, बॅटरी आणि भरलेली टाकी मिळून साडेतीनशे. म्हणजे हौसेला उरले पन्नास किलो. माझा काटा दहा किलोच्या खाली बोलतच नाही, इथे मात्र मी एकेका किलोचा हिशेब करत होतो. पाण्यातून वर चढायची शिडी घेतली, ती हवीच. बसायच्या गाद्या घेतल्या. पाण्याखाली लागणारे दिवे मुलाला हवे होते, ते वजनाला काहीच नव्हते, म्हणून घेतले. लाकडासारखी दिसणारी फरशी मी नको म्हणालो, ती नुसती दिसायला होती.

"छत घे," मी म्हणालो. "अठरा किलो. बसतंय."

"छत नको, आबा."

"उन्हात बसशील का दिवसभर?" त्याची आई मध्येच म्हणाली. "छताबिगर ट्रॅक्टर तरी घेतंय का कुणी?"

"आई, ही माणसं उन्हासाठीच येतेत हितं. ऊन खायला. छत लावलं तर मालकीणबाई काढाय लावतीन."

तिने कपात चहा ओतला. मग म्हणाली, "उन्हात बसायला एवढा खर्च करतेत? त्यांना म्हणावं मे महिन्यात शिरूरला या." तिकडे मुलगा खुर्चीवरून पडेपर्यंत हसला. तो हसताना मान मागे टाकतो, माझे वडील टाकायचे तशी. फोनच्या छोट्या चौकटीत त्याचा नुसता गळा दिसत होता.

होडीवर नाव काय घालणार, असंही तिने विचारलं. आमच्याकडे ट्रॉलीच्या मागे पोरांची नावं असतात. तो म्हणाला, छोट्या होडीला स्वतःचं नाव नसतं, मोठ्या बोटीचंच नाव लिहितात, म्हणजे कुणाची आहे ते कळतं. हे तिला पटलं.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी तिने रंग सांगितला. खालच्या ओळीत कडेला एक फिका हिरवा होता. त्यात थोडा पिवळा होता, थोडा पांढरा. तिने फोन माझ्या हातातून घेतला.

"ह्यो. हुरड्यावानी हाय. तुला तिकडं दिसत राहील."

मुलगा क्षणभर थांबला. मला वाटलं रेंज गेली. मग तो म्हणाला, "लई भारी, आई. ह्योच."

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तेच पान मी माझ्या फोनवर उघडलं. मला गाद्यांचं वजन पुन्हा ताडून बघायचं होतं. पान मोठं केलं तेव्हा रंगांच्या चौकोनांखाली बारीक अक्षरं दिसली. करडा, पांढरा आणि काळा, या तिन्हींखाली लिहिलं होतं की होडी तयार आहे, तीन आठवड्यांत मिळेल. बाकी सगळ्या रंगांखाली होतं: मागणीनुसार, चौदा आठवडे.

आमच्याकडे रंगाला वेळ लागत नाही. ट्रॉली पेंटरकडे सकाळी लावा, सांगाल तो रंग डब्यात कालवून तो संध्याकाळपर्यंत एक हात मारून देतो. त्यामुळे रंगाला किती दिवस लागतील हे विचारायचं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पण या होडीला रंग देत नाहीत. त्या रंगाचं जाड कापडच बनवून घेतात आणि त्या कापडाची होडी चिकटवतात. चौदा आठवडे म्हणजे होळीच्या आसपास. तोवर हुरडा जाऊन ज्वारी काढणीला आलेली असणार, आणि त्याच्या पाठोपाठ यॉटचा हंगाम.

मी तसाच काटा बंद करून घरी गेलो. बायको लसूण सोलत होती. तिला सांगितलं तेव्हा तिने आधी माझ्या हातातला फोन बघितला, जणू चूक त्याची होती.

"मग करडा घ्या म्हणावं. लावा फोन."

पाच वाजायची वाट न बघता लावला. तो ग्रीस लागलेल्या हातांनी समोर आला.

"मला करडाच आवडलाय," ती म्हणाली. "कालचा न्हाई बरा दिसत. रात्रभर इचार केला."

"आई."

"करडा टाक."

"आई, रात्रीच मालकीणबाईला दाखवला मी. तिला लई आवडला. कुणाकडंच न्हाई म्हनली असला रंग. लगेच सही करून टाकली तिनं."

"पर तुला ठावं होतं ना किती दिवस लागतेत ते? मग बोललास कावून न्हाईस?"

तो हातावरचं ग्रीस पुसत राहिला. "मला वाटलं होतं तू करडाच म्हनशील," तो म्हणाला. "सगळे तेच म्हनतेत. अन् तू हुरडा म्हनलीस. मग मला दुसरा घ्यावाच वाटंना."

ती उठून आत गेली. मी त्याला विचारलं, कॅप्टनला बोलून बघतोस का. त्याने बघितलं होतं. नवी होडी क्रेनवर चढवून बघितल्याशिवाय त्याला सोडणार नव्हते, कारण तिची सगळी जबाबदारी त्याच्याच नावावर होती. त्यात चूक काही नव्हती. माझ्याकडे कामाला माणूस असता तर मीही तेच केलं असतं.

त्या वर्षी हुरडा चांगला आला. दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेल्यांची घरं बंद होती, त्यामुळे शेतावर बोलवायलाही फारसं कुणी नव्हतं. आम्ही दोघांनीच आगटी केली. बायकोने कणसं चोळली, लसणाची चटणी पुढे केली, आणि दोघांनी मिळून मूठभर खाल्लं असेल. उरलेला हुरडा तिने गच्चीवर जुन्या लुगड्यावर वाळत घातला. वाळलेल्या हुरड्याचा रंग जातो, तो खाकी होतो. तरी तिने डबा भरून ठेवला.

वासरू होळीनंतर आलं. त्याआधी पंधरा दिवस ऊसतोडीच्या ट्रॉल्या परत येऊ लागल्या होत्या. वर भांडी, बाजा, शेळ्या, आणि त्यावर बसलेली पोरं. बायको त्या वेळी संध्याकाळी काट्यावर येऊन नुसती रस्त्याकडे बघत बसायची. एके दिवशी फोनवर व्हिडिओ आला. क्रेनने होडी हळूहळू उचलली, बाहेर नेली आणि पाण्यावर टेकवली. क्रेनवरचा आकडा मी थांबवून बघितला, तीनशे त्र्याऐंशी. आमच्या हिशेबात दोन किलोचाच फरक होता. मग मुलगा शिडीने खाली उतरला आणि मोठ्या बोटीपासून लांब, उन्हात गेला. पाणी गडद निळं होतं. त्यावर ती होडी इतकी कोवळी दिसत होती की बायकोने पडद्यावर बोट फिरवून बघितलं.

त्याला मी विहिरीत पोहायला शिकवलं तेव्हा पाठीला रिकामा, बंद डबा बांधला होता आणि कमरेला दोर. दोराचं टोक माझ्या हातात असायचं. तो काठापासून लांब जायला लागला की मी थोडा थोडा दोर सोडायचो. व्हिडिओ संपेपर्यंत माझी मूठ वळलेली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

काही दिवसांनी पाकीट आलं. आत त्याच कापडाचा हाताच्या पंजाएवढा तुकडा होता. कंपनीने नमुना म्हणून दिलेला, त्याने आईला पाठवला. तो तिने देवघराजवळच्या खुंटीला अडकवला.

त्यानंतर एक पूर्ण हंगाम गेला. आता त्यांची यॉट पुन्हा गोदीत आहे. या वर्षी होडी वगैरे काही घ्यायची नाही. सुट्टी मंजूर आहे, तिकीट मात्र अजून काढलेलं नाही. त्याच्या जागी येणारा माणूस आला की काढणार. रोज पाच वाजता आम्ही विचारतो, आणि तो म्हणतो, आज-उद्याकडे कळंल.

ज्वारी पोटऱ्यात होती, म्हणजे कणसं अजून पानांच्या आत होती, तेव्हापासून बायको तो तुकडा पदरात घेऊन शेतात जाते. आता कणसं बाहेर पडली आहेत. काल मीही बरोबर गेलो होतो. तिने एक कणीस वाकवलं, त्याच्याशेजारी तुकडा धरला आणि मान तिरपी करून बघितलं. दाणा नखाने दाबला तर नुसतं दूध निघालं.

"अजून हिरवा हाय जरा," ती म्हणाली. "ह्याच्याएवढा झाला न्हाई."

"किती दिवस लागतीन?"

"आठ-दहा." तिने कणीस सोडून दिलं. "आज फोन आला की त्याला सांगा, अजून येळ हाय म्हणावं."