बेटावर येणारी तिथी

मुलगा जेवताना म्हणाला, "बाबा, मार्चमध्ये आपण जमैकाला चाललोय. समुद्र, वाळू, काही करायचं नाही. तुम्ही फक्त रिलॅक्स व्हा."

इथे अमेरिकेत, शॉमबर्गमध्ये तरी मी काय दिवे लावतो!

पण मला खटकलं ते दुसरंच. ही जाऊन वर्ष होत आलंय. आईच्या तारखेआधी परत येऊ, अशा हिशेबाने पोराने तिकिटं काढली होती. मी उठून देशातून आणलेलं कॅलेंडर बघितलं. तिथी आधीच येत होती, नेमकी आम्ही बेटावर असताना.

"अरे शहाण्या, वर्षश्राद्ध तिथीने करतात. आईचं पान कुठे वाढायचं, स्विमिंग पूलवर?"

त्याचा चेहरा उतरला. सून हळूच म्हणाली, "बाबा, कॅन्सल करू या का?"

आई गेल्यापासून पोरगा आज पहिल्यांदा जरा हसून बोलला होता. मी म्हटलं, "नको. शेगडी असलेली खोली घे. भात मी शिजवतो."

"तुम्ही?" पोराने विचारलं.

"मी. आणि तिथे कावळे आहेत का बघ."

त्याने फोनमध्ये बघितलं. "आहेत, बाबा. पण डोंगराकडे."

म्हणजे पान घेऊन डोंगरात जायचं. जाऊ. पण कावळा शिवला नाही तर?

तेव्हापासून रोज भात लावून बघतोय. तिच्याकडून शिकायला मी आणि पोराने कधी वेळच काढला नाही. आजही खाली लागला. करपलेला भात ती ताटात घ्यायची नाही.