आधी आंघोळ

इस्पितळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांची एक खोली होती. त्या खोलीत ती एकतीस वर्षं आया होती. सगळे तिला गोदडीमावशी म्हणत. ज्या बाळाची आई तापाने फणफणलेली असे, ते बाळ मावशीच्या उघड्या छातीवर पालथं ठेवायचं आणि वरून चादर बांधायची, ही तिथली रीत. वीतभर जीव तो, पण माणसाच्या उबेला लागला की त्याचा श्वास सरळ चाले, निळी बोटं गुलाबी होत, दूध अंगी लागे. मोठे डॉक्टर नव्या डॉक्टरांना सांगत, "काचेच्या पेटीत बाळ तगतं, मावशीकडे बाळसं धरतं."

मावशीला याचा अभिमान होता, आणि का नसावा? रस्त्याने जाताना दांडगे बाप्ये वाकून नमस्कार करत, तेव्हा ती मनात म्हणे, हा मेला माझ्या दोन तळव्यांत मावत होता.

घरी तिची एकुलती एक लेक होती. संध्याकाळी मावशीची पावलं वाजली की ती दोन्ही हात वर करून दाराशी धावे. मावशी उंबऱ्याबाहेरूनच म्हणे, "लांब राहा. आधी आंघोळ करू दे." इस्पितळातले रोग पोटच्या पोरीला लागतील, ही धास्ती. पाणी तापायचं, डोक्यावरून न्हायचं, केस पुसायचे. तोवर लेक आजीच्या कुशीत झोपून गेलेली असे.

"आल्या लष्कराच्या भाकऱ्या भाजून," सासूबाई म्हणत. "हिला नका आता उठवू."

सहाव्या वर्षी लेकीने दाराशी येणं सोडलं. मावशीला वाटलं, पोर शहाणी झाली.

पोर मोठी झाली, लग्न होऊन गेली. माहेरी आली तरी खुर्चीत बसे, पाहुण्यासारखी. मग एके दिवशी सातव्या महिन्यातच कळा लागून ती त्याच इस्पितळात आली. मुलगी झाली, सव्वा किलोची. लेकीला ताप. बाळाचं वजन वाढायचं सोडून उतरत चाललं. डॉक्टर म्हणाले, आजपासून छातीशी धरायला हवं.

"नर्सला सांगा," लेक खाटेवरून म्हणाली.

"अगं, मी आहे ना," मावशी म्हणाली. "एवढी घरी जाऊन आंघोळ करून येते. दिवसभर दुसरी बाळं घेतलीत मी."

तिथली नर्स हसली. "मावशी, आंघोळ कशाला? हात धुवा, कपडे बदला, झालं. घरी तरी आपण दुसरं काय करतो?"

मावशी हसली नाही. लेक उशीवरून मान वळवून आईकडे बघत राहिली.

"एवढंच पुरतं?" तिने नर्सला विचारलं.

"पुरतं की. माझा धाकटा दारातच गळ्यात पडतो. हात धुवेपर्यंत दम नसतो त्याला."

नर्स दुसऱ्या बाळाकडे वळली.

"मला वाटायचं..." मावशीने सुरुवात केली.

"घे तिला," लेक म्हणाली. "पण तिकडे, पडद्यामागे बस. मला दिसायला नको."

अकरा दिवस मावशी पडद्यामागे नातीला छातीशी घेऊन बसली. पडद्याखालून तिची पावलं तेवढी दिसत. बाळाने अंग धरलं, रडण्याला जोर आला. लेकीचा ताप उतरला, तसं तिने बाळ स्वतःच्या छातीवर घेतलं. पहिल्यांदा अवघडली, मग डोळे मिटून पडून राहिली. मावशीने तिच्या मानेखाली उशी सरकवली, बोट लागू न देता. हात तसेच शिकले होते.

घरी जायच्या दिवशी मावशी दाराशी उभी राहिली. हात धुतलेले, कोपरापर्यंत ओले. लेक बाळाला घेऊन आली तेव्हा ते हात थोडेसे वर उचलले गेले, लहान पोरं उचलतात तसे.

लेक थांबली. तिने खांद्यावरची पिशवी काढली आणि त्या हातांत दिली.

"एवढी गाडीपर्यंत आण," ती म्हणाली. "जड आहे."

मावशीने पिशवी छातीशी धरून गाडीपर्यंत नेली. लेकीने ती खिडकीतून आत घेतली आणि काच वर केली, बाळाला वारा लागू नये म्हणून.