पेन्सिलीने लिहिलेले अर्थ

लातूरला क्लासेसच्या गल्लीत, भूकंपानंतर उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, एक झेरॉक्सचं दुकान आहे. बातमी फॅक्स करायला मी रोज तिथे जातो. कोपऱ्यातल्या टेबलाशी एक निवृत्त मास्तर बसलेले असतात. खेड्यांतून आलेल्या मुलांच्या पुस्तकांत ते इंग्रजी शब्दांवर मराठी अर्थ लिहून देतात, तेही पेन्सिलीने. शब्द पाठ झाला की मुलांनी अर्थ पुसून टाकायचा, हा त्यांचा नियम. येणाऱ्या प्रत्येकाला ते डोळे चोळत एवढंच विचारतात, "किती पुसले?"

काल किनवटची एक मुलगी पिशवी घेऊनच आली. तिच्या पानावरचा एकही अर्थ पुसलेला नव्हता.

"सर, मी गावाकडं चालले. इंग्रजी न्हाई जमत. नुसती चक्कर येऊन राहिली. हिमोग्लोबिन कमी हाय म्हणले दवाखान्यात."

मास्तरांनी पुस्तक ओढून घेतलं. हिमोग्लोबिनवर त्यांनीच लिहिलं होतं, 'रक्तातलं लाल द्रव्य'. खोडरबराने त्यांनी ते सावकाश पुसलं.

"हा एक झाला. बस, दुसरा बघू."

मुलगी बसली. पिशवी मात्र तिने खांद्यावरून काढली नाही.