झेरॉक्सवरची आडवी ओळ
झेरॉक्सच्या गरम कागदाचा वास आला की मला अंबरनाथमधली ती बँक आठवते. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी शैक्षणिक कर्जाचा अर्ज घेऊन मी एकटीच गेले होते. बाबांची मोरिवलीच्या कारखान्यात पहिली पाळी होती. बँकेतल्या बाई कॉम्प्युटरवर बघत म्हणाल्या, “तुझ्या नावावर मोबाइलचं लोन आहे, हप्ते थकलेत.” माझ्याकडे तर आईचाच जुना फोन होता. मग आठवलं, शेजारच्या कॅम्प पाच वस्तीत सिमकार्ड घेताना आधार-पॅनच्या जादा प्रती मीच दुकानात ठेवल्या होत्या. दुकानदार म्हणाला होता, “रहने दे बेटा, परत यायला नको.” मला तो चांगुलपणा वाटला होता. बाई म्हणाल्या, “कशासाठी दिली ते प्रतीवर आडवं लिहून सही करायची असते. घरी कुणी सांगितलं नाही?” घरात असे अर्ज भरणारी मीच पहिली होते. ते कर्ज मी काढलेलं नाही, ही तक्रार मिटेपर्यंत त्या वर्षीचा प्रवेश हुकला. आता मी प्रत्येक प्रतीवर आडवं लिहिते, अधूनमधून फोनवर माझ्या नावावरच्या कर्जांचा क्रेडिट रिपोर्ट तपासते. नवं काही नसलं की हायसं वाटतं. बाबांना सांगते, तर ते विचारतात, “काहीच नसतं, तर बघतेस कशाला?”