सवारीचे आणि ओझ्याचे

वडनेरच्या फाट्यावरचा टांगेवाला एस.टी.तून उतरणाऱ्या माणसांचीही घोड्यांसारखी नस्ल ठरवायचा. आत वळलेल्या कानांचे मास्तर काठेवाडी, मान ताठ ठेवून चालणारी त्यांची बायको अरबी आणि माझी आत्या थेट विलायती, ओझ्याच्या गाड्या ओढणारी! आत्या टांगा हलेस्तोवर हसायची.

"अन् तुम्ही कोणते?" असं विचारलं, की तो नुसता चाबूक फिरवायचा.

एकदा आम्ही त्याच्या टांग्यातून लग्नाला जाताना घोडी चढावर अडली. मंगलाष्टकं ऐकू यायला लागली होती. त्यानं घोडी सोडली आणि स्वतःलाच टांग्याला जुंपून घेतलं.

"तिले काऊन मारू? ते सवारीची आहे, ओझ्याचा मी!"

आत्या आत खिदळत होती, आम्ही मागून ढकलत होतो.

मांडवात सगळ्यांत आधी घोडी पोचली.