निवेदन मंजुरीसाठी फिरतंय

रोज सकाळी नवरा दाढीला बसला की ती आदल्या दिवशी लिहिलेलं निवेदन घेऊन न्हाणीघराच्या दारात उभी राहायची आणि मोठ्याने वाचायची. वाक्य ऐकून त्याचा हात थांबला, तर वाक्य चांगलं. हात तसाच सरसर चालत राहिला, तर त्या ओळीवर पेन्सिलीची काट. बहुतेक दिवशी दाढी अगदी गुळगुळीत व्हायची.

"अगं, गेल्या महिन्यात तुमच्या संस्थेला चिंता वाटत होती," तो आरशातूनच म्हणायचा. "आता तीव्र चिंता वाटते. डॉक्टरला दाखवलंत का?"

ती मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत संपर्क विभागाची प्रमुख होती. विभाग म्हणजे ती, एक छायाचित्रकार आणि एक प्रिंटर. त्यातला प्रिंटर निम्मा आठवडा रजेवर असायचा. कुणाला बेकायदा डांबलं, कुणाचं घर पाडलं, कुणाचं तोंड बंद केलं, की त्याबद्दल संस्थेला काय वाटतं ते लिहायचं काम तिचं. ऑफिसात तिला सगळे निवेदनबाई म्हणत. पाठीमागे म्हणतो, असं त्यांना वाटे. मधली भिंत प्लायवूडची होती.

निवेदन लिहायला तिला अर्धा तास पुरे. घोडं अडायचं मंजुरीपाशी. कायदा सल्लागार, संशोधन प्रमुख, देणगी विभागाच्या बाई आणि शेवटी संचालक, अशा सगळ्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक ओळही बाहेर जायची नाही, हा खुद्द संचालकांनी घालून दिलेला नियम. एकदा पुरात वाहून गेलेल्या वस्तीबद्दलचं निवेदन बाहेर पडलं, तेव्हा पाणी ओसरून तिथे नवी घरं उभी राहिली होती. 'तातडीने' हा शब्द मात्र कुणी काढू दिला नाही. ती बिचारी प्रत्येक निवेदनाखाली लिहायची, 'मत असेल तरच कळवावे.' मत नसलेला माणूस त्या इमारतीत नोकरीलाच नव्हता.

अशात एके सकाळी मास्तरांच्या बायकोचा फोन आला.

मास्तर म्हणजे एका गावातले शाळामास्तर. खाणीचं पाणी आमच्या विहिरींत का उतरतं, एवढंच त्यांनी भर सभेत विचारलं होतं. उत्तरादाखल त्यांना उचलून तुरुंगात टाकलं. संस्थेने त्यांची बाजू घेतली, मनापासून घेतली. त्यांचा चेहरा पोस्टरवर आला, दिनदर्शिकेवर आला, कपांवर आला. देणगी विभागाच्या बाई रोज मास्तरांतूनच कॉफी प्यायच्या.

"ताई, सोडणारेत त्यांना," मास्तरांची बायको फोनवर म्हणाली. आवाजात आनंदापेक्षा धास्तीच जास्त होती. "पण वकील म्हणतात, ते घरी येईपर्यंत कुठे चकार शब्द नको. सही करणारा साहेब मानी आहे. कुणाला घाबरून सोडलं असं पेपरात आलं, तर कागद बाजूला सारेल. मागे एकदा असंच झालं. बातमी आली आणि सही राहिली ती राहिलीच."

"आमच्याकडून नाही येणार," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, की आयुष्यात पहिल्यांदाच आपण कुणाच्या मंजुरीशिवाय वाक्य बोललो.

तासाभरात संचालक दारात हजर. चेहरा फुललेला. कुठल्याशा अधिकाऱ्याबरोबरच्या नाश्त्यात त्यांनाही कुणकुण लागली होती.

"बाई, मास्तर सुटताहेत! दुपारच्या आत निवेदन गेलं पाहिजे. पलीकडच्या रस्त्यावरच्या त्या संस्थेला कळलं ना, तर आपले मास्तर पळवतील ते."

"साहेब, आधी घरी तर पोचू द्या त्यांना."

"घरी पोचल्यावर ती बातमी कसली?"

"त्यांच्या बायकोने हात जोडून सांगितलंय."

"तिचं बरोबरच आहे. ती एका माणसाचा विचार करते," संचालक समजुतीच्या सुरात म्हणाले. "आपल्याला मानवी हक्कांचा करायचा असतो."

तिने मनात हिशोब केला. नाही म्हणावं, तर ते स्वतः लिहायला बसतील, आणि त्यांना कुणीच अडवणार नाही.

"लिहिते," ती म्हणाली. "फक्त नियमाप्रमाणे सगळ्यांच्या नजरेखालून घालते."

"अर्थातच. नियम तो नियम!"

तिने दोनच वाक्यं लिहिली. 'मास्तरांच्या सुटकेचे संस्था मनापासून स्वागत करते. हा आमच्या सामूहिक प्रयत्नांचा विजय आहे.' खाली मात्र या खेपेला वेगळी ओळ घातली. 'प्रत्येकाचे सविस्तर मत हवे आहे.' मग ती चहा करायला गेली.

चहा उकळायच्या आत मतं आली. कायदा सल्लागार म्हणाले, स्वागत केलं म्हणजे सरकारने उपकार केले असं होतं. डांबणंच बेकायदा होतं, मग स्वागत कसलं? संशोधन प्रमुखांनी 'विजय' या शब्दाला दीड पानाची तळटीप जोडली. संचालकांनी स्वतःच सुचवलं, की 'सामूहिक' ठीक आहे, पण नेतृत्वाचाही ओझरता उल्लेख यावा. सगळे मग या ओझरत्यावर तुटून पडले.

दुसऱ्या दिवशी संचालक कडाडले, "बाई, निवेदन कुठंय?"

"फिरतंय, साहेब."

वर्षानुवर्षं हेच दोन शब्द तिने रडकुंडीला येऊन उच्चारले होते. आज ते जिभेवर गोड लागले. पण टेबलावरचा फोन अजून मुका होता, आणि दर वेळी कुणी दार लोटलं की ती आधी फोनकडे बघायची.

तिसऱ्या दिवशी आक्रीत घडलं. सगळ्यांचं एकमत झालं. कायदा सल्लागार चक्क म्हणाले, "जाऊ दे, करा स्वागत." आता फक्त संचालकांचा होकार उरला, आणि ते तर पेन उघडूनच बसले होते. तिची पाचावर धारण बसली. मग तिने अगदी भाबडा चेहरा करून देणगी विभागाच्या बाईंना विचारलं,

"फोटो कुठला लावू हो? हसरा, की गजाआडचा?"

"हसरा नको गं बाई!" त्या दचकल्याच. "सगळं छान झालं म्हणून लोक देणग्या बंद करतील."

"पण गजाआडचा म्हणजे आता खोटं!" संशोधन प्रमुख उसळले.

"आणि कपांचं काय? शंभरेक शिल्लक आहेत," देणगी विभागाच्या बाई म्हणाल्या.

बैठक बोलावली गेली. ती दुसऱ्या दिवशीही चालू राहिली. पलीकडच्या रस्त्यावरच्या संस्थेचं निवेदनही, असं मागाहून कळलं, मंजुरीसाठीच फिरत होतं. त्या वर्षी तिच्या कामाच्या मूल्यमापनात 'वेग वाढवावा' असा शेरा पडला, पण ती पुढची गोष्ट.

गजाआडच्या फोटोला मत द्यायला हात वर होत असताना तिचा फोन थरथरला. ती जिन्यात आली. आतले आवाज दारातून अर्धेमुर्धे येत होते.

"ताई," मास्तरांची बायको इतकं हळू बोलत होती, की तिला कान फोनला घट्ट लावावा लागला. "आले. आंघोळ केली, दोन घास खाल्ले. इथेच झोपलेत, माझ्या शेजारी."

तिने बोलायला तोंड उघडलं, आणि एवढी वर्षं लिहिलेल्यातलं एकही वाक्य कामाचं निघालं नाही.

"अहो, मग बोलताय कशाला? जागे होतील ते. ठेवा फोन."