कुरकुरणारा टेबलफॅन

शेजारचे सर घरीच बारावीच्या गणिताचा क्लास घेतात. त्यांच्या मागच्या भिंतीपलीकडे कापड विणणाऱ्या लूमचा कारखाना होता. त्याच्या खटखटीवर सरांची मान हलायची आणि खडूही चालायचा. एका ठोक्याला डोंगर, दुसऱ्याला दरी. फळ्यावर साइनची लाट आपोआप उमटायची. शुक्रवारी लूम बंद असले की लाट वाकडी यायची आणि सर पोरांवर खेकसायचे.

मध्यंतरी कारखाना विकला गेला, तिथे गोदाम झालं. सगळं कसं शांत. आठवडाभरात सर नवा कोरा टेबलफॅन घेऊन आमच्या दारात.

"हा ठेवा, तुमचा जुना मला द्या."

"अहो सर, तो मान फिरवताना दोन्ही टोकांना कुरकुरतो."

"म्हणून तर पाहिजे. टोकाला थबकतो, मध्ये धावतो. झोपाळा तसाच, खाडीची भरती-ओहोटी तशीच. पोरांना डोळ्यांनी दिसेल, मला कानांनी."

आता सरांच्या फळ्यावर पुन्हा नीट लाटा उमटतात. आमचा नवा पंखा मात्र इतका गुपचूप फिरतो, की दुपारी माझा डोळा लागत नाही. काल शेवटी उशी उचलली आणि सरांच्या बाजूच्या भिंतीला लावली, पलीकडची कुरकुर ऐकू येईल अशी.